वहीतील नोंद आणि कायद्यातील उत्पन्न : घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एक चिकित्सा

घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे पाहण्याची आपल्याकडील दृष्टी अद्याप ग्राहकाची आहे, अभ्यासकाची नाही. ते वापरावयास सुलभ आहे काय, बँकेचे विवरण त्यात आपोआप उतरते काय, वर्षाअखेरीस बेरीज एका कळीसरशी मिळते काय, एवढेच प्रश्न विचारले जातात. परंतु ज्या क्षणी ही बेरीज उचलून आयकराच्या विवरणपत्रात घातली जाते, त्या क्षणी सॉफ्टवेअर हे केवळ बेरजेचे साधन उरत नाही. व्याज कोणाचे, कोणत्या वर्षाचे, करकपातीपूर्वीचे की नंतरचे, विकलेले युनिट नेमके कोणत्या दिवशी घेतलेले, या प्रत्येक प्रश्नाला त्याने काहीएक उत्तर देऊन ठेवलेले असते. आणि यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कायद्याचा अर्थ लावल्याखेरीज देता येत नाही. या दृष्टीने असे सॉफ्टवेअर हे आयकर कायद्यावरील एक भाष्यच होय, असे म्हणावयास हरकत नाही. भाष्याची चिकित्सा मूळ ग्रंथाशी ताडून करावयाची असते. तशी ती येथे जालना जिल्ह्यातील गुंतवणूकदार कुटुंबाच्या संदर्भात करण्याचे योजिले आहे.

जालन्याचीच निवड का, याचा खुलासा करणे अवश्य आहे. आयकराच्या संदर्भात जालन्याचे नाव देशभर झाले ते ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील पोलाद उत्पादकांवर पडलेल्या धाडींमुळे. त्या वेळी ५६ कोटी रुपयांहून अधिक रोकड जप्त झाल्याचे जाहीर झाले होते. प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. लपविलेल्या उत्पन्नाचा हिशेब कोणतेही सॉफ्टवेअर ठेवीत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो आपले उत्पन्न प्रामाणिकपणे सांगू इच्छिणाऱ्या, परंतु ते नेमके कोणते हे ठरविताना गोंधळणाऱ्या कुटुंबाचा.

असे कुटुंब जालन्यात विशेष गुंतागुंतीचे असते. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, मोसंबी आणि द्राक्षे यांची शेती आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या महिको कंपनीपासून वाढत गेलेला बियाणे उद्योग आहे, लोखंडाचे कारखाने आहेत आणि मोंढ्यातील आडतीचा जुना व्यापार आहे. एकाच घरात थोरला भाऊ शेती पाहतो, धाकटा दुकान चालवितो, मुलगा पुण्यास नोकरी करून दरमहा म्युच्युअल फंडात हप्ता भरतो, आणि वडिलांच्या ठेवी काही बँकेत, काही पतसंस्थेत असतात. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. मुंबई ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जिल्ह्यातील बदनापूर व जालना तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांना मावेजा मिळाला. मावेज्याची रक्कम स्वतः बहुतांशी करमुक्त असते. ग्रामीण शेतजमीन ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नव्हे, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ९६ हेही त्याच दिशेने जाते. परंतु ती रक्कम ठेवीत घालताच तिच्यावरील व्याज करपात्र होते. पिढ्यान्‌पिढ्या करमुक्त शेतीउत्पन्नावर जगलेले कुटुंब अशा रीतीने एका वर्षात गुंतवणूकदार बनते. वस्तुतः केंद्राचा आयकरच या भागात जुना नाही. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा आयकर कायदा १३५७ फसलीचा, आणि १९२२ चा भारतीय आयकर कायदा येथे लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. मुंबईच्या पेढ्यांना या कराचा परिचय १८६० पासून आहे.

आता साधनांकडे वळू. व्यापारी घरात टॅली असते. १९८६ पासूनचे हे भारतीय सॉफ्टवेअर मोंढ्यातील पेढीला चांगले मानवले आहे, परंतु ते धंद्याचे आहे, घराचे नव्हे. घरासाठी म्हणून बनविलेल्या सॉफ्टवेअरपैकी ग्नूकॅश हे विनामूल्य आणि द्विनोंदी पद्धतीचे म्हणून अभ्यासास उपयुक्त. त्याची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ ची. त्यात एखाद्या खात्यावर ‘करविषयक’ अशी खूण करून त्यास विवरणपत्रातील रकान्याचा संकेतांक देण्याची सोय आहे, आणि वर्षाअखेरीस त्या संकेतांकांनुसार अहवाल निघतो. पण हे संकेतांक अमेरिकेच्या व जर्मनीच्या विवरणपत्रांचे आहेत. भारतीय करदात्यास ती सोय जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. तिसरा वर्ग भ्रमणध्वनीवरील ॲपचा. पॅन क्रमांक दिला की ते शेअर, फंड आणि बँक ठेवी गोळा करून ‘कर अहवाल’ पुढे ठेवते. या तिसऱ्या वर्गाचा प्रसार सर्वांत वेगाने होत आहे, आणि चिकित्सेची गरज त्यालाच सर्वांत अधिक आहे, कारण त्यात वापरणाऱ्याला एकही नोंद स्वतः करावी लागत नाही.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. जुन्या पद्धतीत रोजकीर्द लिहिणारा मुनीम प्रत्येक रकमेला नाव देत असे. रोजकिर्दीतून खतावणी करताना ती रक्कम कोणत्या खात्यात जावयाची हे त्याला पुन्हा एकदा ठरवावे लागे, आणि तेरीज जुळली नाही तर तिसऱ्यांदा. म्हणजे एका रकमेचा विचार तीन वेळा होत असे. आता नाव देण्याचे काम सॉफ्टवेअर करते आणि तेरीज कधी चुकतच नाही. परंतु तेरीज जुळणे आणि नोंद योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षात शिकविले जाते आणि पुढे विसरले जाते.

येथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय एकत्र वाचण्यासारखे आहेत. शूरजी वल्लभदास प्रकरणात १९६२ साली न्यायालयाने असे ठरविले की, जे उत्पन्न प्रत्यक्षात निर्माणच झाले नाही त्याची वहीत नोंद झाली म्हणून ते करपात्र होत नाही. केदारनाथ ज्यूट प्रकरणात १९७१ साली याची दुसरी बाजू आली : वहीत नोंद नाही एवढ्यावरून करदात्याचा कायदेशीर हक्क बुडत नाही. दोन्ही मिळून सिद्धान्त असा की नोंद ही उत्पन्न निर्माणही करीत नाही आणि नाहीसेही करीत नाही. सॉफ्टवेअरची रचना याच्या नेमकी उलट गृहीतावर उभी आहे. त्याच्या लेखी नोंद हेच उत्पन्न होय. नोंद नसेल तर उत्पन्न नाही, नोंद असेल तर ते आहे, आणि नोंदीची जी तारीख तीच उत्पन्नाची तारीख. हे गृहीत पगारदाराच्या बाबतीत फारसे बाधत नाही. जालन्यातील आपल्या कुटुंबाच्या बाबतीत ते पदोपदी बाधते.

सर्वांत साधे उदाहरण करकपातीचे. मुदत ठेवीवर ६०,००० रुपये व्याज झाले, बँकेने ६,००० रुपये कर कापून ५४,००० खात्यात जमा केले. बँकेचे विवरण सॉफ्टवेअरमध्ये उतरविले की ५४,००० ची एक नोंद होते आणि तिला ‘व्याज’ असे नाव मिळते. कायद्याप्रमाणे उत्पन्न ६०,००० आहे; कापलेले ६,००० हेही ठेवीदाराला मिळालेलेच उत्पन्न मानले जाते. द्विनोंदी पद्धतीने योग्य नोंद अशी होईल : बँक खाते नावे ५४,०००, करकपात येणे खाते नावे ६,०००, व्याज खाते जमा ६०,०००. ही नोंद हाताने करणाऱ्यास सरकारकडून येणे असलेले ६,००० रुपये वर्षभर डोळ्यांपुढे दिसतात. आपोआप उतरलेल्या नोंदीत ते कोठेही नसतात, आणि ज्याचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे असा वृद्ध ठेवीदार परताव्याची मागणीच करीत नाही. नुकसान येथे सरकारचे नव्हे, ठेवीदाराचे होते.

याच ठिकाणी भाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो, त्याचा ओझरता उल्लेख करतो. पासबुकातील ‘जमा’ ही बँकेच्या वहीच्या दृष्टीने जमा असते. ठेवीदाराच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँकेच्या नावे पडते. ग्नूकॅशमध्ये यासाठी दोन प्रकारचे मथळे ठेवले आहेत, एक बोलीतील आणि एक हिशेबशास्त्रातील, आणि वापरणारा त्यांतून निवड करू शकतो. मराठीत मात्र बोलीतही ‘जमा’ आणि शास्त्रातही ‘जमा’. एकाच शब्दावर दोन परस्परविरुद्ध दृष्टी लादल्या गेल्यामुळे मराठी मथळे वापरणारा विद्यार्थी इंग्रजी मथळे वापरणाऱ्यापेक्षा अधिक गोंधळतो. परिभाषा करणाऱ्यांनी याकडे लक्ष देणे जरूर आहे.

काळाचा प्रश्न याहून बिकट. १० लक्ष रुपये पाच वर्षांसाठी सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीत ठेवले तर पाच वर्षांचे व्याज सुमारे ४,१४,७७८ रुपये होते. पैकी पहिल्या वर्षाचे ७१,८५९. मुदत संपेपर्यंत पासबुकात एक पैसाही येत नाही. बँक मात्र दरवर्षी चढलेल्या व्याजावर कर कापते आणि ते व्याज आयकर खात्याला कळविते. नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागलेल्या वार्षिक माहिती विवरणात ते दरवर्षी दिसते. १९६१ च्या कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे करदात्यास दोन मार्ग खुले असतात : व्याज चढेल तसे दरवर्षी दाखवावे, अथवा प्रत्यक्ष हाती येईल त्या वर्षी दाखवावे. जो मार्ग स्वीकारला तो नियमितपणे पाळावा एवढेच बंधन. बँकेच्या विवरणावर चालणारे सॉफ्टवेअर यांतील दुसरा मार्ग स्वीकारते आणि पॅनवर चालणारे ॲप पहिला. आणि दोहोंपैकी एकही आपण निवड केली आहे असे सांगत नाही. परिणाम असा की पहिली चार वर्षे पहिल्या साधनाने, पाचवे वर्ष दुसऱ्या साधनाने विवरणपत्र भरणाऱ्या कुटुंबाचे चार वर्षांचे व्याज कोठेच दाखविले जात नाही. उलट क्रमाने भरणाऱ्याचे ते दोनदा दाखविले जाते. जो सरळ दुसऱ्या मार्गाने जाईल त्याचीही सुटका नाही. कापलेला कर आधीच्या वर्षांचा आणि उत्पन्न शेवटच्या वर्षाचे अशी विसंगती उद्भवते. नियम ३७बीए यावर तोडगा सांगतो : ज्या वर्षी उत्पन्न करपात्र, त्याच वर्षी त्यावरील करकपातीचे श्रेय. पण हे श्रेय पुढे ओढण्यासाठी आधीच्या वर्षांच्या विवरणपत्रांत तसे नमूद करावे लागते. ज्याला निवड झाल्याचेच ठाऊक नाही तो हे नमूद कसे करणार?

मावेज्याच्या ठेवींत स्वामित्वाचा प्रश्न उद्भवतो, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. समजा, बदनापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या नावची जमीन गेली, मावेजा त्याच्या खात्यात आला आणि त्याने त्यातील निम्मी रक्कम पत्नीच्या नावे ठेवीत घातली. ठेव पत्नीच्या नावे, पॅन पत्नीचा, करकपात पत्नीच्या नावे, माहिती विवरणही पत्नीचे. सॉफ्टवेअर हे व्याज पत्नीचे म्हणून दाखविते आणि तिच्या वाट्यास कर शून्य येतो. कायदा विचारतो, पैसा कोणाचा? कलम ६४ प्रमाणे पुरेशा मोबदल्यावाचून पत्नीकडे दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते. इतकेच नव्हे, तर त्या व्याजाची पुन्हा गुंतवणूक करून जे व्याज येईल ते मात्र पत्नीचे स्वतःचे, हा न्यायनिर्णयांतून स्थिर झालेला भेद आहे. म्हणजे पुनर्गुंतवणुकीच्या एकाच ठेवीतील मुद्दलावरचे व्याज पतीचे आणि व्याजावरचे व्याज पत्नीचे. दोहोंना स्वतंत्र खाते उघडल्याशिवाय हा हिशेब ठेवता येत नाही, आणि बँकेच्या विवरणात तर दोन्ही एकाच आकड्यात बुडालेली असतात.

पण प्रश्न येथेही थांबत नाही. ती जमीन वडिलोपार्जित असेल तर? सातबाऱ्यावर कर्त्याचे नाव असले तरी मावेजा एकट्या कर्त्याचा नसून हिंदू अविभक्त कुटुंबाचा ठरू शकतो, आणि मग व्याजाचा करदाताच निराळा, त्याचा पॅनही निराळा. वाटणी झालेली असेल तर प्रत्येक हिस्सेदाराचे व्याज आपापले. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, आणि साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलगी ही सहदायाद झाली आहे. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीचा हिस्सा भावाच्या नावे ठेवीत पडून असेल, तर ते व्याज कोणाचे? याचे उत्तर फेरफार नोंदीत, वाटणीपत्रात, कदाचित दिवाणी न्यायालयात असते. पॅनच्या दहा अक्षरांत ते नसते. सॉफ्टवेअर खात्याचे नाव विचारते आणि कायदा पैशाचा उगम विचारतो, या दोन प्रश्नांतील अंतर शहरी पगारदाराच्या घरात बोटभर असेल, मावेजा मिळालेल्या घरात ते कोसभर आहे. ‘सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना वाढविला की काम होईल’ असे म्हणणाऱ्यांनी तो रकाना भरावयास घरातील कोणास सांगावयाचे, याचाही विचार करावा. तो भरणे म्हणजे वाटणीचा प्रश्न उघड करणे, आणि अनेक घरांना तो उघड होऊ द्यावयाचा नसतो.

जे सॉफ्टवेअरला दिसतच नाही त्याचे काय? व्याजाची माहिती आयकर खात्यास कळविण्याचे बंधन बँका, सहकारी बँका, टपाल खाते व नोंदणीकृत बिगर-बँकिंग वित्त कंपन्या यांच्यावर आहे. नागरी व ग्रामीण पतसंस्था सामान्यतः त्यात येत नाहीत. सभासदास दिलेल्या व्याजावर करकपातीचे बंधनही २०२० च्या वित्त कायद्याने आले ते ५० कोटींहून अधिक उलाढालीच्या सहकारी संस्थांपुरते. तेव्हा गावच्या पतसंस्थेतील ठेवीचे व्याज ना माहिती विवरणात येते, ना ॲपमध्ये. ते करपात्र नाही असा समज त्यातून दृढ होतो. स्वतः ते विवरण आपल्यात नसलेले व्यवहारही असू शकतात असे बजावीत असते, परंतु ते बजावणे वाचतो कोण? याउलट गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील काही पतसंस्था व बहुराज्य सहकारी संस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांचे मुद्दलच अडकले. या ठेवींना बँक ठेवींप्रमाणे विम्याचे संरक्षण नाही. ज्याने दरवर्षी व्याज चढवून दाखविण्याची पद्धत स्वीकारली आहे त्याचे सॉफ्टवेअर दर ३१ मार्चला अशा बुडालेल्या ठेवीवरही व्याज चढवीत राहते आणि ते करपात्र म्हणून दाखविते. शूरजी वल्लभदास प्रकरणाचे खरे महत्त्व अशा ठेवीदारास आहे. मिळण्याची आशाच नाही अशा व्याजाची नोंद थांबविणे, आणि ती का थांबविली याचे टिपण वहीत ठेवणे, हे काम मनुष्याचेच.

भांडवली नफ्याच्या बाबतीत सॉफ्टवेअरचे ऋण मान्य केले पाहिजे. दरमहा हप्त्याने पाच वर्षे घेतलेल्या फंडाची साठ खरेदी-टिपणे होतात, आणि प्रत्येकाची मुदत स्वतंत्र मोजावी लागते. हे काम हाताने करण्याचा आग्रह धरणे हा निव्वळ हट्ट होईल. तरीही विक्रीसाठी कोणती खरेदी धरावयाची हा अर्थनिर्णय येथेही आहेच. १०० युनिट २० रुपयांस, मागाहून १०० युनिट ४० रुपयांस घेतले आणि १०० युनिट ५० रुपयांस विकले, तर सरासरी किमतीने नफा २,००० आणि आधी घेतलेले आधी विकले असे धरल्यास ३,००० येतो. डीमॅट खात्यासाठी कलम ४५(२ए) दुसरा मार्ग सांगते. परदेशी घडणीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याची निवड करता येते, एवढेच नव्हे तर ती सोयीची म्हणून पुढे केलेली असते. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या शेअरसाठी त्या दिवसाचा भाव लक्षात घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या ऋणपत्रप्रधान फंडांचा नफा मुदत कितीही असली तरी अल्पमुदतीचाच मानला जातो. आणि २३ जुलै २०२४ रोजी तर वर्षाच्या मध्येच दर बदलले : सूचिबद्ध शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्यावर १५ चे २० टक्के, दीर्घमुदतीच्या नफ्यावर १० चे साडेबारा टक्के. लाभांश पुन्हा त्याच फंडात गुंतविण्याचा पर्याय ज्याने घेतला आहे त्याच्या बाबतीत उत्पन्न आणि खरेदी एकाच दिवशी घडतात व बँकेत काहीच येत नाही. ती नोंद बहुधा सुटते.

शेतीउत्पन्नाबाबत घरगुती सॉफ्टवेअर जवळजवळ मुके आहे. मोसंबीची पट्टी आडत्याकडून आली आणि रक्कम खात्यात पडली की तिला ‘इतर जमा’ असे नाव मिळते. शेतीउत्पन्न करमुक्त आहे म्हणून पुष्कळजण ती नोंद काढूनच टाकतात, आणि येथे चूक होते. १९७३ च्या वित्त कायद्यापासून शेतीउत्पन्न इतर उत्पन्नाचा दर ठरविण्यासाठी मोजले जाते. एखाद्यास व्याजाचे १३ लक्ष उत्पन्न आहे असे धरू. सात टक्के दराने ती सुमारे १ कोटी ८६ लक्षांची ठेव होते. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीप्रमाणे त्यावर उपकराविना ७५,००० रुपये कर येतो. त्याच मनुष्यास ३ लक्ष रुपयांचे निव्वळ शेतीउत्पन्न असेल, तर १६ लक्षांवरील १,२०,००० मधून ७ लक्षांवरील १५,००० वजा होऊन कर १,०५,००० होतो. फरक ३०,००० रुपयांचा. शेतीवर कर नाही हे विधान त्यामुळे अक्षरशः खरे आणि व्यवहारात अपुरे ठरते. गुंतवणुकीपुरताच विचार करणाऱ्या ‘कर अहवाला’त हे ३०,००० रुपये येणे शक्यच नाही.

खासगी सॉफ्टवेअरवर हा सर्व आक्षेप असताना सरकारी सॉफ्टवेअर तरी निर्दोष आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहे, आणि ते या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून वाचावे. २०२३-२४ या वर्षाची विवरणपत्रे भरण्याचे काम चालू असताना ५ जुलै २०२४ पासून आयकर खात्याच्या विवरणपत्र-साधनात बदल झाला. नव्या करप्रणालीत सात लक्षांपर्यंतच्या उत्पन्नास कलम ८७ए प्रमाणे मिळणारी सूट, विशेष दराने करपात्र असलेल्या शेअरनफ्यावरील करापुरती, मागताच येईनाशी झाली. कायदा बदलला नव्हता. साधन बदलले होते. ४ जुलैस विवरणपत्र भरणाऱ्याने जी मागणी केली ती ६ जुलैस भरणाऱ्यास करता येईना. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेने याविरुद्ध जनहित याचिका केली. न्यायालयाने आधी अंतरिम आदेशाने मुदत वाढविण्यास सांगितले, व २४ जानेवारी २०२५ च्या निर्णयात असे ठरविले की करदात्यास जी मागणी करावयाची आहे ती करण्यापासून सॉफ्टवेअरने त्याला रोखता कामा नये. मागणी योग्य की अयोग्य हे करनिर्धारण अधिकाऱ्याने ठरवावे. सूट देय आहे की नाही यावर न्यायालयाने मत दिले नाही, हे विशेष. पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने अशी सूट विशेष दराच्या उत्पन्नावर नाही असे स्पष्ट केले, म्हणजे खात्याचा अर्थ भविष्यापुरता कायदा झाला. तथापि त्यामुळे निर्णयाचे मूल्य कमी होत नाही. अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नास त्याने उत्तर दिले. जालन्यातील करदात्यासही हेच उच्च न्यायालय लागू असल्याने हा केवळ मुंबईचा प्रश्न नव्हे.

या सर्वांवरून घरगुती सॉफ्टवेअर टाकून द्यावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आमचे मत असे की ज्यात नोंद स्वतः करावी लागते, किमान तपासून मान्य करावी लागते, असे द्विनोंदी सॉफ्टवेअर आपोआप अहवाल देणाऱ्या ॲपपेक्षा या जिल्ह्यातील कुटुंबास अधिक हितकर आहे. ग्नूकॅशमधील परदेशी संकेतांक उपयोगी नसले तरी खात्यांचा वृक्ष आपल्याला हवा तसा रचता येतो. व्याजाचे एकच खाते न ठेवता बँकेचे, पतसंस्थेचे, मावेज्याच्या मुद्दलावरचे आणि व्याजावरच्या व्याजाचे अशी खाती पाडावीत. करकपात येणे हे खाते वर्षावार ठेवावे. लाभांशाची तारीख न चुकता लिहावी, कारण विवरणपत्रात तो अग्रिम कराच्या कालखंडांनुसार तोडून द्यावा लागतो. आडत्याच्या पट्ट्यांसाठी शेतीचे खाते हवेच, खर्चासहित हवे, कारण मोजावयाचे आहे ते निव्वळ उत्पन्न. हे सारे साध्या दोनशे पानी वहीतही करता येते, आणि ज्या घरात वही नियमित लिहिली जाते तेथे सॉफ्टवेअरचा आग्रह धरण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या २०२५ च्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. त्यामुळे क्रमांकावरून पाडलेली खाती बदलावी लागतील, उगमावरून पाडलेली बदलावी लागणार नाहीत.

विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी हा विषय घेता येण्यासारखा आहे. अंबड, बदनापूर, भोकरदन अशा तालुक्यांतील काही कुटुंबांची संमती घेऊन, नावे गाळून, एका वर्षाचे माहिती विवरण, ॲपचा अहवाल आणि घरची वही शेजारी शेजारी ठेवावी, आणि तिन्हींत एकाच ठेवीचे व्याज कोणाच्या नावे, कोणत्या वर्षी व किती दाखविले आहे याचा तक्ता करावा. त्यासाठी २०२४-२५ हे वर्ष विशेष सोयीचे. दर त्यात मध्येच बदललेले आहेत, १९६१ चाच कायदा त्यास लागू आहे, आणि कागदपत्रे अद्याप घरोघरी शाबूत असण्याचा संभव आहे.